चार पायांवरचा मनोरा आणि आपल्याकडचे जोड : वाचकांचे प्रश्न

न्यूयॉर्कच्या मिडटाउन भागातल्या सिटीकॉर्प सेंटर या कार्यालयीन मनोऱ्यावर मागच्या अंकात टिपण आले होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरे देत आहोत. टिपण ज्यांच्या वाचनात आले नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात अशी. 1977 मध्ये पूर्ण झालेली ही 59 मजल्यांची इमारत 279 मीटर उंच आहे. आपल्या फताटेवाडीच्या वीज प्रकल्पाची चिमणी 275 मीटरची, म्हणजे उंची जवळपास तेवढीच. भूखंडाच्या एका कोपऱ्यात सेंट पीटर्स चर्च होते आणि त्याच कोपऱ्यात स्वतंत्र नवे चर्च बांधून द्यायचे ठरले होते. म्हणून मनोऱ्याचे चार पाय कोपऱ्यांत न घेता चारही बाजूंच्या मध्यावर घेतले. प्रत्येक पाय सुमारे 35 मीटर उंच, मधोमध लिफ्टचा गाभा आणि चारही कोपरे अधांतरी. आर्किटेक्ट ह्यू स्टबिन्स, स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लमेझर. इमारत वापरात आल्यावर, 1978 मध्ये, सांगाड्याचे जोड कमी पडतात हे खुद्द लमेझर यांच्या ध्यानात आले. दोनशेहून अधिक जोडांवर रात्रीच्या वेळी जाड पोलादी पट्ट्या वेल्ड करण्यात आल्या. लोकांना हे कळले ते 1995 मध्ये.

समोरचा वारा इमारतीच्या पूर्ण रुंदीवर आदळतो, कोपऱ्यावरचा तर दोन्हीकडे फाकतो. मग या इमारतीला कोपऱ्यावरच्या वाऱ्याची भीती का वाटली?
(पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, विजापूर रोड)

कोपऱ्यात खांब असलेल्या नेहमीच्या इमारतीत तुमचे म्हणणे बहुधा बरोबर ठरते. त्या काळी न्यूयॉर्कच्या नियमांतही फक्त समोरच्या वाऱ्याचा हिशोब सक्तीचा होता. पण या मनोऱ्यात वजन खाली उतरण्याची वाटच वेगळी आहे. प्रत्येक बाजूला आठ-आठ मजले उंचीचे व्ही आकाराचे ब्रेसिंग (तिरपे पोलादी आधार) आहे आणि असे सहा टप्पे एकावर एक रचले आहेत. कोपऱ्याकडचे वजन हे तिरपे तुकडे बाजूच्या मध्याकडे ओढून नेतात आणि तिथला मोठा खांब ते पायावर सोडतो. चार बाजूंचे मिळून एका टप्प्यात आठ तिरपे तुकडे होतात.

वारा 45 अंशांतून आला की त्याचा जोर दोन लगतच्या बाजूंच्या दिशांत विभागला जातो, प्रत्येक दिशेला सुमारे 0.7 पट. आठपैकी चार तुकड्यांत हे दोन्ही परिणाम एकाच जातीचे (दोन्ही ताण किंवा दोन्ही दाब) निघतात आणि त्यांची बेरीज होते: 0.7 अधिक 0.7, म्हणजे 1.4. उरलेल्या चारांत ते एकमेकांना खोडतात आणि वाऱ्याचा ताण जवळजवळ शून्यावर येतो. निम्मे तुकडे मोकळे आणि निम्म्यांवर 40 टक्के जादा बोजा, असा लमेझर यांचा 1978 चा हिशोब होता.

परीक्षेसाठी म्हणून नव्हे, पण चौरस काढून चार बाजूंच्या मध्यावर आधार दाखवा आणि दोन्ही दिशांचे जोर वेगवेगळे मांडून मग एकत्र करून पाहा. आधार कुठे आहेत ते पाहिल्याशिवाय वाऱ्याची वाईट दिशा ठरत नाही, हे त्या एका आकृतीतून पक्के समजेल.

मूळ आराखड्यात वेल्डिंग होते, प्रत्यक्षात बोल्ट लावले, एवढ्यावरून इतका गहजब? आम्ही रोज बोल्टचे जोड करतो. 40 टक्के वाढ तर कोणत्याही बऱ्या जोडाच्या राखीव ताकदीत बसते.
(फॅब्रिकेशन व्यावसायिक, अक्कलकोट रोड एमआयडीसी)

बोल्ट लावणे ही चूक नव्हतीच. नीट हिशोब केलेला बोल्टचा जोड वेल्डइतकाच भरवशाचा असतो. साइटवर तर पुष्कळदा जास्तच, कारण बोल्ट मोजता येतो, घट्ट केलेला तपासता येतो. आपल्या आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकातही वेल्डची ताकद काढताना कारखान्यातल्या वेल्डला 1.25 ने आणि साइटवरच्या वेल्डला 1.5 ने भागतात. उंचावर, वाऱ्यात, अवघडलेल्या हाताने केलेल्या वेल्डवर नियमावली कमी विश्वास ठेवते, ते योग्यच आहे.

खरी मेख जोडासाठी कोणता आकडा धरला यात आहे. तिरपा तुकडा वरच्या मजल्यांच्या वजनाने दाबला जातो, वाऱ्याने ताणला जातो. जोडावर येणारा ताण म्हणजे या दोहोंची वजाबाकी. समजा समोरच्या वाऱ्याचा ताण 100 आणि वजनाचा दाब 75. जोडाला उरले 25. बोल्ट त्या 25 च्या हिशोबाने बसवले. आता वाऱ्याचा ताण 40 टक्क्यांनी वाढून 140 झाला, पण इमारतीचे वजन तर वाढले नाही, ते 75 च राहिले. वजाबाकी 65. म्हणजे वाऱ्यात 40 टक्के वाढ आणि जोडावर 160 टक्के वाढ. 25 चे 65 झाले, 2.6 पट. एवढी राखीव ताकद मोजून केलेल्या जोडात नसते. हे 100 आणि 75 आम्ही समजावण्यासाठी घेतले आहेत, पण 40 टक्क्यांचे 160 टक्के होणे हाच लमेझर यांच्या हिशोबाचा निष्कर्ष होता.

मूळचे पूर्ण खोलीचे वेल्ड तुकड्याच्या सगळ्या जाडीतून जाते, त्यामुळे जोडाची ताकद आपोआप तुकड्याएवढी मिळते. वजाबाकी चुकली तरी ते सांभाळून घेते. बोल्ट मात्र मोजून लावायचे असतात आणि जेवढे मोजले तेवढेच मिळतात. वेल्डचे बोल्ट केले तेव्हा हा फुकटचा राखीव साठा गेला आणि तो गेल्याचे मूळ हिशोब करणाऱ्याला कळले नाही. दुखणे हे होते.

आजच्या नियमावलीत यावर औषध आहे. वजन जिथे मदत करते तिथे ते 0.9 पट धरायचे आणि वारा 1.5 पट. त्याच उदाहरणात 150 वजा 67.5, म्हणजे 82.5. पंचवीसशी ताडून पाहा. तुमच्या टेबलावर येणाऱ्या ड्रॉइंगमध्ये जोडावरचा ताण लिहिलेला असेल तर तो याच रीतीने काढला आहे ना, एवढे इंजिनिअरला जरूर विचारा.

हाताशी असावेत म्हणून दोन आकडे देतो. 20 मिमीचा 4.6 ग्रेडचा बोल्ट, आटे कातर-रेषेत येत असतील तर, एका कातरीत (म्हणजे एकाच ठिकाणी कापला जाऊ शकेल अशा जोडात) सुमारे 45 किलोन्यूटन घेतो. तोच 8.8 ग्रेडचा सुमारे 90. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून डोक्यावरचा छाप वाचल्याशिवाय बोल्ट वापरू नका. 6 मिमी फिलेट वेल्ड (दोन प्लेटांच्या कोनात भरलेले तिकोनी वेल्ड) साइटवर 100 मिमी लांबीला सुमारे 66 किलोन्यूटन देते, अर्थात वेल्ड सलग असेल, स्लॅग झाडून तपासले असेल आणि सुरुवात-शेवटचा कच्चा भाग लांबीत धरला नसेल तर. जाड प्लेटला 7018 जातीचा वेल्डिंग रॉड वापरत असाल तर तो भट्टीत शेकून गरम पेटीतून काढा. उघड्या पाकिटातल्या ओलसर रॉडने केलेले वेल्ड वरून सुबक दिसते आणि आतून तडकते.

आमची यंत्रमागाची शेड आहे. वळिवाच्या वादळात दोनदा पत्रे उडाले. शेड दणकट आहे, अँगल जाड आहेत. मग कमी कुठे पडते?
(यंत्रमाग कारखानदार)

वरच्या उत्तरातली वजाबाकी तुमच्याही छपरावर लागू आहे, फक्त दिशा उभी. वारा पत्र्याला वर खेचतो आणि छपराचे वजन त्याला खाली धरते. पत्रा, पर्लिन (पत्र्याखालचे आडवे अँगल), कैची मिळून दर चौरस मीटरला 15 किलो धरू. वाऱ्याचा वेग सेकंदाला 40 मीटर घेतला तर त्याचा मूळ दाब चौरस मीटरला सुमारे 98 किलो होतो (0.6 गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर न्यूटनमध्ये; किलोसाठी त्याला 9.8 ने भागा). छपराच्या बाहेरून ओढ याच्या 0.9 पट समजा.

यात भर पडते ती आतल्या दाबाची. शेड सगळीकडून बंद असेल तर तो 0.2 पट. मोठे शटर वाऱ्याच्या तोंडावर उघडे राहिले तर 0.7 पट, कारण आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो. बंद शेडमध्ये एकूण उचल 1.1 पट, म्हणजे 108 किलो. उघड्या शेडमध्ये 1.6 पट, म्हणजे 157 किलो. दोन्हींतून 15 वजा करा: 93 आणि 142. शटर उघडे राहिल्याने जोडांवरचा ताण निम्म्याहून जास्त वाढला! आभाळ भरून आले की आधी वाऱ्याकडचे शटर पाडा, मग उरलेली कामे. यासाठी खर्च शून्य आहे.

आता जोड वरून खाली तपासत या. पत्र्याच्या कडा, कोपरे आणि कणा इथे ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. मधे एक सोडून एका उंचवट्यावर स्क्रू चालतो, कडेच्या पहिल्या दोन पर्लिनांवर मात्र प्रत्येक उंचवट्यावर हवा. रबरी वॉशर चपटा होईपर्यंत स्क्रू आवळला की वॉशर उन्हात फाटतो, पाणी उतरते, भोक गंजून मोठे होते आणि पुढच्या वादळात पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून सुटतो. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात पत्रा तापून लांबतो, रात्री आखडतो, त्यानेही भोके वाढतात. म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये एकदा शिडी लावून कडेचे स्क्रू बघावेत.

त्याखाली पर्लिन. आमच्या पाहण्यातली सर्वांत नेहमीची चूक इथेच आहे: पर्लिन कैचीवर नुसत्या वेल्डच्या टाक्यांवर बसवलेली असते. मग पत्रा पर्लिनला घट्ट राहतो आणि दोघे मिळून उडतात. प्रत्येक ठिकाणी अँगलचा क्लीट (जोडतुकडा) आणि किमान दोन बोल्ट हवेत.

शेवटी पाया. 12 मीटर रुंद शेडमध्ये कैच्या 5 मीटर अंतरावर असतील तर एका खांबाच्या वाट्याला 30 चौरस मीटर छप्पर येते. 142 गुणिले 30, म्हणजे सव्वाचार टनांच्या आसपास उचल. एवढे निव्वळ वजन काँक्रीटमध्ये हवे तर दीड मीटर लांब-रुंद आणि 80 सेंमी खोल ठोकळा लागतो, आणि यात सुरक्षेची पट अजून धरलेलीच नाही. बेसप्लेट जाड, खांब जाड आणि खाली काळ्या मातीत दोन फूट काँक्रीट, अशी शेड दणकट दिसते, असत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून ठोकळ्यापासून सुटते, तिची पकड हिशोबात धरूच नका. ठोकळा मुरमापर्यंत न्या. ज्या जोडावर सर्वांत कमी खर्च झाला आहे, तिथूनच शेड सुटते.

साइटवर ड्रॉइंगप्रमाणे सळई मिळत नाही तेव्हा जवळची जाडी वापरावी लागते. काम थांबवून चालत नाही. यात गैर काय?
(बांधकाम ठेकेदार, बार्शी)

बदल करावा लागणे यात गैर काहीच नाही. तो कोणी पाहिला हा प्रश्न आहे. सिटीकॉर्पमध्येही बोल्टचा बदल लपूनछपून झाला नव्हता. पैसे आणि वेळ वाचतो म्हणून सूचना आली, लमेझर यांच्या कार्यालयातल्या मंडळींनी ती तपासून मान्य केली. मात्र त्यांच्यासमोर फक्त समोरच्या वाऱ्याचे आकडे होते आणि खुद्द लमेझर यांच्यापर्यंत ती पोहोचली ती इमारत उभी राहिल्यावर.

तुमचे उदाहरण घेऊ. कॉलममध्ये 16 मिमीच्या चार सळया आहेत, क्षेत्रफळ 804 चौरस मिमी. बाजारात 12 आणि 20 च आहेत. 12 मिमीची एक सळई 113, म्हणजे आठ लागतील (904). क्षेत्रफळ भरले, पण 230 मिमी रुंदीच्या कॉलममध्ये आठ सळया, त्यांच्या जोडलांब्या (दोन सळया एकमेकींवर चढवून बांधायची लांबी) आणि आडव्या बीमच्या सळया एकाच गाठीत आल्या की काँक्रीट आत उतरत नाही. पोकळ गाठ राहते आणि वरून गिलावा झाला की दिसतही नाही. मधल्या सळयांना धरायला जादा रिंगा किंवा आकडे लागतात, ते वेगळेच. 20 मिमीच्या तीन सळयांत 942 भरतात, पण चौकोनी कॉलमला चार कोपऱ्यांत चार सळया लागतातच. चार 20 मिमी घातल्या तर 1256, लोखंड दीडपटीहून जास्त, जोडलांबीही सळईच्या जाडीच्या प्रमाणात वाढणार. बीममध्ये तर जादा लोखंड घालणे धोक्याचेही ठरते, कारण लोखंड ताणले जाण्याआधी काँक्रीट चिरडले तर बीम इशारा न देता जातो. ‘जास्त घातले म्हणजे भक्कम’ ही समजूत सोडा.

साइटवर एक बदल-वही ठेवा. कॉलमचा किंवा बीमचा क्रमांक, ड्रॉइंगमध्ये काय आहे, काय घालायचे आहे, कारण आणि तारीख, एवढे लिहून त्या पानाचा फोटो हिशोब करणाऱ्या इंजिनिअरलाच पाठवा. साइट सुपरवायझर किंवा आर्किटेक्टच्या होकारावर थांबू नका. फोनवर ‘चालेल’ म्हटले तरी लेखी उत्तर येईपर्यंत तो कॉलम सोडून दुसरे काम घ्या. सळई बांधल्यावर, काँक्रीट ओतण्याआधी पुन्हा फोटो. इंजिनिअर बदलला असेल तर नव्याला ही वही आधी दाखवा. या सगळ्याला एका बदलामागे पंधरा मिनिटे लागतात.

जुळे सोलापुरात आमच्या अपार्टमेंटखाली पूर्ण पार्किंग आहे, नुसते खांब. सिटीकॉर्प नऊ मजल्यांच्या पायांवर उभी राहते, तर आमची काळजी करायची का?
(एका सोसायटीच्या सचिव)

सिटीकॉर्पचे पाय अशक्त नव्हते, दुरुस्ती वरच्या ब्रेसिंगच्या जोडांची करावी लागली. ते पाय अवाढव्य आहेत आणि मधोमध गाभा आहे. आपल्याकडच्या पार्किंगच्या खांबांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही.

तुमच्या इमारतीत वरच्या प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती आहेत, म्हणून ते मजले ताठ. खाली भिंती नाहीत, म्हणून तो मजला लवचीक. भूकंपात वरचे सगळे मजले एका ठोकळ्यासारखे हलतात आणि संपूर्ण सरकणे पार्किंगच्या खांबांच्या माथ्याशी आणि तळाशी एकवटते. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशाच इमारती कोसळल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत मेले ते दगड-मातीच्या जड भिंतींखाली, पार्किंगच्या इमारती तेव्हा तिथे नव्हत्या. त्यामुळे आपल्या भागात या प्रकाराची परीक्षा झाली आहे असे कोणी समजू नये. आयएस 1893 या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या 2002 च्या आवृत्तीने अशा मजल्याचे खांब-बीम अडीचपट जोरासाठी करा असे सांगितले. त्याआधीची इमारत असेल तर तपासणी हवीच.

इंजिनिअरकडून दोन गोष्टी खात्रीने बघून घ्या. खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी रिंगांमधले अंतर 100 मिमीहून जास्त नसावे. रिंगेची टोके 135 अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात गेलेली असावीत, 90 अंशांत वळवलेली टोके हादऱ्यात उघडतात. बंद खांबात हे पाहायला रिबार लोकेटर नावाचे यंत्र मिळते, त्याने अंतर कळते. रिंगेच्या टोकाचे वळण मात्र एखाद-दुसऱ्या जागी वरचे काँक्रीट काढूनच दिसते. कमी पडत असेल तर काही खांबांमध्ये पायापासून भिंती किंवा पोलादी ब्रेसिंग घालता येते, खांबांना काँक्रीटचे आवरण देता येते. भिंती सगळ्या एकाच बाजूला घेऊ नका, इमारत पिळली जाते. गाडी वळत नाही म्हणून खांबाचा कोपरा तासणे, पाइपसाठी खाच पाडणे, हे सचिवांनी आजच बंद करावे.

त्या इमारतीच्या माथ्यावर 400 टनांचा ठोकळा डोलणे कमी करतो असे वाचले. आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी तेच काम करते का?
(वाचक, सात रस्ता)

नाही. सिटीकॉर्पचा ठोकळा तेलाच्या पातळ थरावर सरकतो आणि स्प्रिंगा त्याला मनोऱ्याच्याच लयीत ठेवतात. एका झोक्याला या उंचीच्या मनोऱ्याला सहा-सात सेकंद लागतात. तुमची 24 मीटर उंच, 16 मीटर लांब इमारत नियमावलीतल्या सूत्राने (0.09 गुणिले उंची, भागिले लांबीचे वर्गमूळ) सुमारे 0.54 सेकंदात झोका पुरा करते. दोन मीटर व्यासाच्या टाकीत दीड मीटर पाणी असेल तर ते हिंदकळायला दीड सेकंद घेते. लय जुळतच नाही, आणि टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पाणी हिंदकळतही नाही. तेव्हा टाकी म्हणजे माथ्यावरचे निव्वळ वजन. 10,000 लिटर म्हणजे 10 टन, आणि भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात येतो.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून लोक टाक्या वाढवत जातात, ही अडचण खरी आहे. मोठा साठा जमिनीखालच्या टाकीत करा, वर एका दिवसापुरतेच चढवा. वरची टाकी कॉलमच्या डोक्यावर बीम टाकून त्यावर ठेवा, स्लॅबच्या मध्यावर विटांच्या ओट्यावर नको.

आणखी एक गोष्ट. तो ठोकळा विजेवर चालतो. वादळात वीज गेली तर तो थांबणार, म्हणून 1978 मध्ये दुरुस्ती चालू असताना त्याच्यासाठी पर्यायी विजेची सोय आणि देखभालीला माणसे ठेवली गेली.

‘सोळा वर्षांतून एकदा येणारे वादळ’ म्हणजे सोळा वर्षे निर्धास्त?
(शिक्षिका, पंढरपूर)

दरवर्षी सोळात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ, पहिल्या वर्षीसुद्धा. पाच वर्षांत ते किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 28 टक्के. सिटीकॉर्पचा ठोकळा बंद पडला तर मनोऱ्याचा सर्वांत अशक्त जोड, तो तिसाव्या मजल्यावर होता, अशा वादळात तुटू शकतो असे हिशोब सांगत होता. ठोकळा चालू असेल तर त्यासाठी 55 वर्षांतून एकदा येणारे वादळ लागले असते. आपल्या नियमावलीतला मूळ वेग 50 वर्षांच्या वादळाचा आहे, आणि 50 वर्षांत तो एकदा तरी ओलांडला जाण्याची शक्यता 63 टक्के आहे. म्हणूनच त्यावर 1.5 पट धरतात.

नंतरच्या अभ्यासात धोका इतका नव्हताच असे निघाले म्हणतात. आणि चूक विद्यार्थ्यांनी दाखवली हे खरे का?
(अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक)

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेशी संबंधित अभियंत्यांनी 2019 मध्ये नव्या पद्धतीने हिशोब केला. त्यात कोपऱ्यावरचा वारा समोरच्या वाऱ्यापेक्षा जास्त घातक ठरला नाही. मुलांना शिकवताना दोन्ही बाजू मांडाव्यात. आमच्या मते त्यामुळे 1978 चा निर्णय चुकीचा ठरत नाही. हाताशी असलेले वाऱ्याच्या बोगद्यातल्या (प्रतिकृतीवर वारा सोडून केलेल्या) चाचणीचे आकडे वाईट होते आणि वादळांचा हंगाम तोंडावर होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला ‘एला’ चक्रीवादळ किनाऱ्याच्या रोखाने आले आणि समुद्राकडे वळले.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डायान हार्टली यांनी 1978 मध्ये याच इमारतीवर प्रबंध लिहिताना कोपऱ्यावरच्या वाऱ्याबद्दल कार्यालयाला विचारले होते. ली डीकॅरोलिस या दुसऱ्या विद्यार्थ्याचेही नाव पुढे आले आहे. प्रकल्पासाठी तुमची मुले एखाद्या कार्यालयात फोन करतात तेव्हा त्यांना आकडे मिळावेत, यासाठी तुम्ही पत्र देत जा.

मनोऱ्याचे छप्पर 45 अंशांत उतरते ते सोलरसाठी असे वाचले. आमच्या गच्चीवर पॅनेल किती अंशांत लावावे?
(वाचक, होटगी रोड)

सोलरचा विचार तिथे झाला होता, पण तो प्रत्यक्षात आला नाही. छप्पर तसेच राहिले आणि तीच त्या इमारतीची ओळख झाली. सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर आहे, म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून 15 ते 20 अंशांत बसवा. त्याहून उभे केले तर वार्षिक वीज वाढत नाही, वाऱ्याची ओढ मात्र वाढते.

अंशांपेक्षा बांधणीकडे जास्त लक्ष द्या. 2.28 बाय 1.13 मीटरचे पॅनेल म्हणजे 2.58 चौरस मीटर. मघाचाच 98 किलोचा दाब धरला तर उचल सुमारे 250 किलो. पॅनेल 28 किलोचे, स्टँडचा वाटा 15 किलो. चार पायांखाली 30 सेंमीचे काँक्रीटचे ठोकळे ठेवले तर आणखी 260 किलो, आणि बसवणारा म्हणतो वजन पुरते. पण वजन 0.9 पट आणि वारा 1.5 पट धरून पाहा: 273 विरुद्ध 380. पुरत नाही. 40 सेंमीचे ठोकळे घेतले तर चार मिळून 600 किलोच्या वर जातात आणि हिशोब बसतो, पण तेवढा बोजा स्लॅबला चालेल का ते आधी विचारून घ्या.

दुसरा मार्ग स्लॅबमध्ये अँकर बोल्ट घालण्याचा. इथे नेहमी होणारी चूक अशी, की गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा चार-पाच इंचांचा कोबा असतो आणि बोल्ट त्या कोब्यातच संपतो. आवळताना घट्ट लागतो, पण कोब्याला ओढ घेण्याची ताकद नसते. कोब्याची जाडी आधी एका ठिकाणी भोक पाडून मोजा, तेवढी लांबी वाढवून बोल्ट मागवा, भोक हवेने साफ करून केमिकल अँकर (बोल्ट चिकटवणारे रसायन) भरा, आणि बेसप्लेटभोवती कोबा पुन्हा भरून वॉटरप्रूफिंग केल्यावर एक दिवस पाणी साठवून खाली ओल येते का ते पाहूनच पॅनेल चढवा.